तिसरा मजला तोडला तेव्हा

"माझ्या डोक्यावर हे झेंडूचं फूल कुणी ठेवलं?"

फूल निरगुडे सरांच्या डोक्यावर नव्हतं, डोक्यामागच्या मॉनिटरवर होतं. हृदयाचे ठोके दाखवणारी हिरवी रेघ त्याच्या खालून पळत होती.

"खंडेनवमी आहे सर. मशीनची पूजा झाली."

"आणि माझी?"

"तुम्ही मशीन नाही."

"ते या लोकांना सांग. सकाळपासून येईल तो मला पुसून जातोय."

पलीकडच्या खाटेपाशी साळवे सिस्टर सलाइनचा स्टँड पुसत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "पेशंटनं कमी बोलायचं असतं, सर."

"मी कमीच बोलतोय. ही हेमांगी जास्त ऐकतेय."

हेमांगी म्हणजे मी. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं एक हॉस्पिटल होतं. तिथलं कॉम्प्युटरचं नेटवर्क मी सांभाळायचे. सांभाळायला मला सरांनी शिकवलं. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आधी हॉस्पिटलचा इंटरकॉम त्यांनी उभा केला, मग मजल्यामजल्यांवरून नेटवर्कच्या तारा ओढल्या, आणि त्याच तारा जिथं जाऊन संपत होत्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात आता स्वतः येऊन पडले होते. छातीत कळ आली तेव्हा ते शिडीवर होते. हातातली पक्कड खाली टाकली नाही म्हणे, खिशात ठेवली आणि मगच उतरले.

"कुलपाचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मीटिंग झाली."

"आणि?"

"लोणकर सर म्हणाले, आम्ही पेशंट बघायचे की तुमची परवानगी मागत बसायचं?"

डॉक्टर लोणकर आमचे अधीक्षक. कुलूप म्हणजे खरं कुलूप नव्हे. वॉर्डातल्या प्रत्येक सॉकेटला फक्त त्याचं स्वतःचं मशीन ओळखायला शिकवायचं, परकं काही लावलं तर सॉकेटनं दाद द्यायची नाही, एवढंच. सर वर्षभर तेच मागत होते. डॉक्टरांना आपापले लॅपटॉप हवे तिथं लावायचे होते.

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"हं." त्यांनी डोळे मिटले. मग पुन्हा उघडले. "खाली ही बसलीय का?"

"बसल्यात."

"घरी जा म्हणून सांग. ऐकणार नाही. पण सांग."

.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक जण आपापलं हत्यार पूजायचा. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, अँब्युलन्सचं बॉनेट, कँटीनची शेगडी, औषधाच्या दुकानातला फ्रिज. लिफ्टवाले पठाणमामा लिफ्टच्या बटणांना हार घालायचे आणि दिवसभर तो बाजूला करून बटणं दाबायचे. मीही तळमजल्यावर माझ्या खोलीतल्या मोठ्या स्विचला हळदीकुंकू लावलं होतं. स्विच म्हणजे एक पेटी. मजल्यामजल्यांवरच्या तारा तिच्यात येतात आणि ती एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवते.

तिसऱ्या मजल्यावरची सगळी साफसफाई साळवे सिस्टरांची. त्या ख्रिस्ती, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. पण या दिवशी पदर खोचून सगळ्यांच्या आधी हजर. म्हणायच्या, "फुलं तुम्ही वाहा. पुसायचं माझ्याकडे. हत्यारं माझीपण आहेत." त्यांच्या वॉर्डात चादरीला घडी दिसायची नाही आणि कुठल्याही वस्तूचं टोक लोंबकळलेलं दिसायचं नाही.

निघताना मी बघितलं, त्या नर्सेसच्या टेबलामागं वाकून काहीतरी पुसत होत्या.

.

काकू खाली पत्र्याच्या शेडमध्ये होत्या. पेशंटच्या माणसांसाठी तिथं बाकं टाकलेली. सिंधूकाकूंनी भिंतीकडचं बाक धरलं होतं. डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. भेटायची वेळ संध्याकाळची, पण त्या सकाळीच यायच्या.

"काकू, सर म्हणाले घरी जा."

"बरं."

"जाणार?"

"त्यांनी सांगायचं, मी बरं म्हणायचं. लग्न झाल्यापासून असंच आहे." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. "करंजी घे. घरी कुणी नाही खायला. बोलले का नीट?"

"फूल का ठेवलं म्हणून भांडले."

"मग बरे आहेत," काकू म्हणाल्या.

.

पहिला फोन केसपेपरच्या खिडकीवरून आला. पडदा गोठलाय.

दुसरा लॅबमधून. रिपोर्ट जात नाहीत.

तिसरा शस्त्रक्रियेच्या खोलीतून, आणि त्यामागचा आवाज मला आवडला नाही. टेबलावर एक बाळंतीण होती. रक्तस्राव थांबत नव्हता. पिशवीतलं रक्त तिच्या रक्ताशी जुळतं का, हा रक्तपेढीचा निकाल पडद्यावर येईना. "माणूस पाठवलाय पळत," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "पण पुढच्या पिशव्यांचेही निकाल हवेत. हेमांगी, लवकर काहीतरी कर."

मी पेटीकडे बघितलं. एरवी तिचे दिवे ज्याच्या त्याच्या लयीत लुकलुकतात. कुणी बोलतंय, कुणी ऐकतंय. आता सगळे एकदम लुकलुकत होते, इतके भराभर की लुकलुकणं उरलंच नव्हतं. नुसता पिवळा उजेड.

सरांनी मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एखादं मशीन हाक मारतं, अमका कुठे आहे म्हणून. पेटी ती हाक बाकी सगळ्या तारांवरून पुढे पाठवते. ते ठीकच. पण दोन तारांनी मिळून कुठं वर्तुळ झालं असेल, तर पाठवलेली हाक फिरून त्याच पेटीत परत येते. पेटीला वाटतं नवीनच आली. ती पुन्हा सगळ्यांना पाठवते. आणि त्या हाकेला म्हातारपण नसतं. ती आपणहून मरत नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार, नि मग खरं बोलायला कुणाला जागाच राहत नाही.

मोठ्या पेट्या एकमेकींशी बोलून असा फेरा ओळखतात आणि एक रस्ता बंद ठेवतात. पण वॉर्डांत गावातल्या दुकानातून आणलेल्या लहान पेट्या होत्या. त्यांना ती अक्कल नव्हती. त्यांच्या मागचा फेरा ओळखून तिथल्या तिथं दार लावून घेणं, हे सरांच्या त्या कुलपातलंच काम होतं.

माझा कीबोर्ड चालेना. पेटी माझंही ऐकत नव्हती. मग एकच उपाय राहतो, हातानं तारा उपटायच्या. एक मजला तोडायचा, दिवे बघायचे.

पहिला मजला उपटला. तसेच.

दुसरा उपटला. तसेच. शस्त्रक्रिया दुसऱ्यावरच होती, ती तार मी लगेच परत लावली.

राहिला तिसरा.

तिसऱ्यावर प्रत्येक खाटेपाशी मॉनिटर होता आणि सगळ्यांच्या रेघा नर्सेसच्या टेबलावरच्या एका मोठ्या पडद्यावर एकत्र दिसायच्या. मी तार उपटली की तो पडदा आंधळा होणार. खाटेजवळचं मशीन चालूच राहील, पण त्याच्याकडे बघायला तिथं माणूस हवा. आणि सणामुळे माणसं कमी.

इंटरकॉम चालू होता. तो जुन्या टेलिफोनच्या तारांवर होता, सरांचा.

"सिस्टर, तिसरा मजला तोडावा लागेल."

"म्हणजे काय होईल ते सांग."

मी सांगितलं.

पलीकडे टेबलाचा खण लागल्याचा आवाज. "माणूस उभा करते प्रत्येक खाटेपाशी. मी सांगेपर्यंत हात लावू नकोस."

मी तार बोटांत धरून उभी. वर त्यांचा आवाज ऐकू येत होता, फोन तसाच ठेवलेला. तू इकडे. तू तिकडे. रेघेवरची नजर काढायची नाही. कुणी आलं, कुणी हाक मारली, तरी नाही. मग फोनमध्ये:

"तोड."

मी उपटली.

दिवे शांत झाले. ज्याच्या त्याच्या लयीत लुकलुकायला लागले. कुणीतरी मोठ्यानं श्वास टाकला. मीच असणार, खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोन आला. निकाल दिसतोय.

फेरा तिसऱ्यावर होता तर. तो शोधायला मी जिन्याकडे निघाले.

.

जिना. लिफ्ट वर गेली होती, म्हणून जिना. मी मनाशी जुळवत होते की तिसऱ्यावर लहान पेट्या किती असतील, एक टेबलामागं, एक

"हेमांगीताई." औषधाच्या दुकानातला कांबळे. "वाईट झालं."

"काय?"

"निरगुडे सर गेले ना."

एक टेबलामागं, एक स्टोअरमध्ये. तार मी उपटली. मी आत्ता उपटली. खाटेजवळचं मशीन चालूच असतं, असायलाच हवं, त्याला नेटवर्कची गरज

"ऐकलंस का गं?" लॅबमधली वैशाली, जिन्याच्या वळणावर, डोळ्यांना ओढणी. "सर."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतायत."

गरज नसते. पण सिस्टरांना माणूस पुरला नसेल तर. एखादी खाट राहिली असेल तर. कोणती राहील? मी दोन दोन पायऱ्या

पठाणमामा. लिफ्टच्या उघड्या दारात, हातात तो हार. "बेटी, साहेब गेले. तिसऱ्यावरची हौसाबाई रडत उतरली. मी सगळ्यांना सांगितलं, कँटीनला सांगितलं, गेटवर सांगितलं."

पहिल्यानं सांगितलं तेव्हा मी मानलं नव्हतं. दुसरीच्या वेळी कुणी सांगितलं म्हणून विचारलं. तिसऱ्याच्या वेळी मला ते माहीत होतं. म्हणजे आधीपासूनच माहीत असल्यासारखं. मी कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या चढले तेव्हा रडत होते.

.

"तोडलंस कुठून?" सरांनी विचारलं.

ते उशीला टेकून बसले होते. त्यांच्या खाटेपाशी एक नर्स पुतळ्यासारखी उभी, नजर रेघेवर. रेघ पळत होती.

मी डोळे पुसले.

"खालून का इथून?"

"खालून."

"आधी खालूनच तोडायचं. बरोबर. रडतेस कशाला मग?"

साळवे सिस्टर माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझा दंड धरून मला टेबलाकडे नेलं. मोठ्या पडद्यावर खाटांची नावं तशीच होती आणि प्रत्येक नावापुढे एक सरळ, आडवी, मुकाट रेघ. निरगुडे. सरळ रेघ.

मी बघितलं. त्यांनीही बघितलं. दोघींना एकदमच कळलं.

वॉर्डातल्या आया हौसाबाई मावशी खाली प्रसाद आणायला गेल्या होत्या. सिस्टरांनी माणसं उभी केली तेव्हा त्या नव्हत्या. वर आल्या तर टेबलाशी कुणीच नाही, कारण सगळ्या खाटांपाशी. आणि पडद्यावर हे; त्यांची नजर सरांच्याच नावावर गेली असणार. मावशींचा मोबाइल सरांनी किती वेळा दुरुस्त करून दिला होता. त्या कुणाला काही विचारायला थांबल्याच नाहीत.

"कुणाला कुणाला सांगितलं असेल?" सिस्टर म्हणाल्या.

"खाली सगळ्यांना झालंय. मला तिघांनी सांगितलं."

"तिघांनी वेगवेगळं?"

"एकच. पण तिघांनी."

सिस्टर टेबलामागं वाकल्या. लहान पेटी तिथंच होती, हळदीकुंकवाची बोटं लावलेली, स्वच्छ पुसलेली. एक निळी तार तिच्या एका भोकातून निघून, सुबक वेटोळं करून, दुसऱ्या भोकात शिरली होती.

"ही मीच लावली," त्या म्हणाल्या. "पुसायला सगळ्या काढल्या होत्या. हिचं एक टोक रिकामं लोंबत होतं. पूजेच्या दिवशी बरं दिसेना." त्यांनी ती उपटून माझ्या हातात ठेवली. "हिनंच का सगळं?"

"हिनंच."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काही आणलं नाही. मग एकदम म्हणाल्या, "काकू."

मी पळाले.

.

शेडमध्ये सगळ्या बायका एका बाकाभोवती. खेड्यांतून आलेल्या, कुणाचा सासरा वर, कुणाचं पोर. सरांना त्यांच्यापैकी कुणी बघितलेलं नव्हतं. तरी त्या मनापासून रडत होत्या. मध्ये सिंधूकाकू ताठ बसलेल्या. रडत नव्हत्या. हातातल्या बांगड्या त्यांनी स्वतःच उतरवून मांडीत ठेवल्या होत्या. काचेच्या. एकही फुटलेली नव्हती.

"काकू, सर बरे आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळख पटली नसल्यासारखं.

"पडदा बंद पडला होता. मी बंद केला. हौसाबाईंना वाटलं... काकू, ते बोलले माझ्याशी. आत्ता."

"गेटवरच्यानं सांगितलं," त्या सावकाश म्हणाल्या. "मग कँटीनच्या बाईनं. मग त्या लिफ्टवाल्यानं. ते खोटं कशाला सांगतील, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि तू एकटी म्हणतेस बरे आहेत."

"त्या सगळ्यांना एकाच बाईनं सांगितलं."

"असं कसं? वेगवेगळ्या दारांनी आले ते."

गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "पोरी, तिला खोटी आस नको लावू. पाप लागंल."

मी काकूंचा हात धरला. "चला वर. तुमच्या डोळ्यांनी बघा."

"आत्ता? भेटायची वेळ नाही."

"साळवे सिस्टर सोडतील."

त्या उठेनात. त्या मांडीतल्या बांगड्या गोळा करत होत्या. डब्यात ठेवल्या, करंज्यांवर. झाकण लावलं. मग उठल्या.

.

सिस्टरांनी दार स्वतः उघडलं. चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले, नेहमीसारखं सगळं. मग काकूंना खाटेपाशी नेलं.

सर झोपेला आले होते. डोळे उघडून बघितलं.

"वेळ झाली का भेटायची?"

"नाही," काकू म्हणाल्या. "सहज."

"इथं सहज सोडत नाहीत कुणाला." त्यांची नजर खाली गेली. "हात का रिकामे?"

"धुवायला लावले ना त्यांनी. काढून ठेवल्या."

"घाल परत. चांगलं नाही दिसत."

"घालते."

काकूंनी हळूच एक बोट त्यांच्या मनगटावर ठेवलं. तिथंच ठेवून उभ्या राहिल्या. खूप वेळ. सिस्टर एरवी दोन मिनिटांत बाहेर काढायच्या, त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून बाटल्या मोजत राहिल्या.

.

दसरा. लोणकर सरांनी मला स्वतः बोलावून घेतलं.

"लावा ते तुमचं कुलूप."

"तुमचा लॅपटॉप..."

"लिहून देतो कुठं लावणार ते. आणखी काही?"

सगळे घरी सोनं वाटत होते तेव्हा मी सॉकेट सॉकेट फिरत होते. संध्याकाळी सरांना सांगितलं.

"आता कुणी तशी तार लावली तर?"

"तेवढं सॉकेट बंद होईल. बाकीच्यांना कळणारसुद्धा नाही."

"ज्याचं बंद झालं त्याला?"

"त्याला कळेल."

"हं." त्यांना बोलताना धाप लागत होती. आदल्या दिवसापेक्षा जास्त. "त्याच्याकडे कुणीतरी जायला हवं मग. नुसतं बंद करून चालत नाही. जाऊन बघायचं."

"जाईन सर."

"हिला सोनं दिलंस का?"

"दिलं."

"मी नाही दिलं." मी आपट्याचं पान पुढे केलं. त्यांनी ते उशीखाली सारलं. "उद्या."

.

उद्याच्या दुपारी मी त्या मजल्यावरच होते. एका नर्सचं मशीन सॉकेटला ओळखीचं करून देत होते. मोठा पडदा चालू होता, सगळ्या तारा जागेवर. सरांच्या नावापुढची रेघ आधी वेडीवाकडी झाली, मग घंटा वाजली, मग सगळे धावले.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बराच वेळ डॉक्टरांच्या पाठी दिसत होत्या. मग त्या थांबल्या.

साळवे सिस्टरांनी खाटेभोवतीचा कापडी पडदा ओढून घेतला. मग वॉर्डाच्या दाराशी गेल्या आणि दार लावून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. नर्सेस, वॉर्डबॉय, हौसाबाई मावशी, सगळे आत.

"मी सांगेपर्यंत या दारातून कुणी जायचं नाही. फोन करायचा नाही. लिफ्टला हाक मारायची नाही. रडायचं असेल तर इथं रडा." हौसाबाईंनी पदर तोंडात कोंबला. "खाली एकच जण जाईल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू."

"सिस्टर, मी नको."

"त्या दिवशी खरं तूच सांगितलं होतंस."

.

शेडमध्ये काकू भिंतीकडच्या बाकावर. बाकीची बाकं दुपारची पेंगलेली.

मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"काकू, सर गेले."

त्या म्हणाल्या, "पडदा बंद पडला असेल."

"नाही. चालू होता."

"त्या दिवशीही असंच सांगितलं होतं."

"तेव्हा मी नव्हतं सांगितलं, काकू. मी उलट..."

"कुणी सांगितलं हे कुठं लक्षात राहतं?" त्यांनी चष्मा पदराला पुसायला घेतला. "परत बघून ये."

"तुम्ही चला वर."

"मी नाही. मी गेले आणि खरंच असलं तर? तू जा. तू बघ."

मी गेले. जिन्यानं. सिस्टरांनी दार उघडलं.

"का आलीस?"

"बघून यायला सांगितलंय."

त्यांनी पडदा बाजूला केला. मी बघितलं. खाली आले.

"बघितलंस?"

"हो."

"पडद्यावर, की त्यांना?"

"त्यांना."

"नीट?"

"नीट, काकू."

"परत जा. झोपलेले असतात ते दुपारचे. हाक मारून बघ. अहो म्हणून नको, तू सर म्हणतेस ना, तशी मार."

मी गेले. जिन्यानं. सिस्टरांनी या वेळी काही विचारलं नाही. मी खाटेपाशी उभी राहून हाक मारली. सर. हौसाबाई कोपऱ्यात मोठ्यानं रडल्या. खाली आले.

"मारली?"

"हो."

"मग?"

मी मान हलवली.

"परत जा."

जिना. दार. खाली.

"परत जा."

जिना.

"परत..."

काकूंचा आवाज प्रत्येक वेळी तसाच होता. चढा नाही, रडवेला नाही. पहिल्यांदाच सांगितल्यासारखा. आणि मला दिसलं की मी जात राहीन तोवर हे असंच चालणार. मी येईन तेव्हा त्या पाठवणार, त्या पाठवतील तेव्हा मी जाणार, आणि जिन्यावर मी असेन तेवढा वेळ ते जिवंत असणार. संध्याकाळपर्यंत. उद्यापर्यंत. त्यांना तेवढंच हवं होतं, आणि ते देता येण्यासारखं एकट्या माझ्याकडे होतं. माझ्या पायांत ताकद होती.

"परत जा," काकू म्हणाल्या.

मी बाकावर बसून राहिले.

"गेली नाहीस?"

मी उत्तर दिलं नाही. काय दिलं असतं तरी त्याचं पुन्हा तेच झालं असतं.

"हेमांगी. जा ना गं."

मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. काकूंनी माझा दंड धरला, ढकलून बघितला, एकदा, दोनदा, लहान पोरीनं ढकलावं तसा. मी हलले नाही. असं कुणाशी वागायची माझी ती पहिलीच वेळ होती. त्यांची बोटं माझ्या दंडावर आवळली आणि मग, कितीतरी वेळानं, सैल झाली.

पठाणमामा लिफ्ट सोडून पाणी प्यायला शेडमध्ये आले. काकूंना बघून थांबले. त्या दिवसापासून ते त्यांच्यासमोर यायचे नाहीत, नजर चुकवून जायचे. आज हिंमत करून जवळ आले.

"वहिनी. साहेबांची तब्येत कशी आहे?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. वरून एक शब्द खाली आला नव्हता.

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलं नाही.

"साहेब गेले, मामा," त्या म्हणाल्या. "दुपारी गेले."

लिफ्टची घंटा वाजत होती, वरून कुणीतरी बोलावत होतं. पठाणमामा गेले नाहीत. ग्लास खाली ठेवून ते बाकाच्या पलीकडच्या टोकाला बसले.